मैदान मोकळं, झाड काठाला

ज्ञानेश्वर माऊलींची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. पादुकांना नीरास्नान होतं आणि मुक्काम लोणंदला पडतो. तिथून तरडगावकडे निघालं की वाटेत चांदोबाचा लिंब लागतो आणि वारीतलं पहिलं उभं रिंगण तिथे होतं. दिंड्या दोन बाजूंना उभ्या राहतात, मधली वाट रिकामी होते आणि माऊलींचा अश्व दौडत जातो. अश्वाला धावायला मोकळी जागा हवी, पण त्या जागेची ओळख मात्र एका झाडाच्या नावाने टिकून आहे. मोकळी जमीन आणि तिच्या काठचं झाड या जोडीविषयी हे पुस्तक आहे.

मोकळी जमीन म्हणजे इथे बरंच काही येतं. लोणंदचा पालखी तळ, शाळांची क्रीडांगणं, गावोगावची क्रिकेटची मैदानं, जत्रेचा माळ, कांद्याच्या बाजारासमोरची पटांगणं, देवळापुढचं आवार. या सगळ्या जागांना झाडं हवी असतात आणि झाडं नकोही असतात. सावली हवी, पण खेळाच्या मधे खोड नको. वाऱ्याला आडोसा हवा, पण तंबू ठोकायला अडथळा नको. आपल्याकडे झाडांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. जंगलातल्या झाडांवर, औषधी झाडांवर, बागेतल्या झाडांवर पुस्तकं आहेत. मैदानाच्या काठी कोणतं झाड कुठे लावावं, ते कसं ओळखावं आणि पहिली काही वर्षं कसं जगवावं, हा प्रश्न मात्र शाळेच्या शिपायावर किंवा ग्रामपंचायतीच्या मजुरावर सोपवून सगळे मोकळे होतात.

या पुस्तकात गोल्फच्या मैदानांना दिलेली जागा पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. गोल्फ हा लोणंदचा खेळ नव्हे. पण गवत आणि झाडं शेजारी-शेजारी नांदवण्याचं सर्वांत बारकाईने लिहून ठेवलेलं ज्ञान या खेळाकडे आहे, आणि ते न वापरणं हा करंटेपणा होईल. अठरा होलच्या एका मैदानाला साधारण ५० ते ६० हेक्टर जमीन लागते. तिच्यावर गवत रोज राखावं लागतं आणि त्याच गवताच्या कडेला शेकडो झाडं उभी असतात. झाडाने गवताचं काय होतं, गवताला घातलेल्या पाण्याने झाडाचं काय होतं, मशिनच्या पात्याने खोड सोललं गेलं तर किती वर्षांनी झाड मरतं, या गोष्टींची नोंद ठेवणारी माणसं तिथे पगारावर असतात. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने त्यासाठी १९२० मध्येच स्वतंत्र विभाग काढला.

या खेळाचा झाडांशी असलेला संबंध सरळ नाही. स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर तो वाढला आणि तिथे झाडं जवळजवळ नव्हतीच. सेंट अँड्रूजचं जुनं मैदान आजही उघडंबोडकं आहे. खेळ समुद्रापासून आत सरकला तसा तो उद्यानांत आणि वनराईत शिरला. भारतात तो फार लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. पुण्यातलं येरवड्याचं मैदान वाढत्या शहराच्या मधे हिरवं राहिलं आहे, आणि सिमेंटच्या वस्तीत इतकी सलग सावली टिकणं ही त्या शहराची गरजच आहे.

अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलची गोष्ट झाडं लावणाऱ्याने ऐकण्यासारखी आहे. त्या जागेवर आधी बर्कमन्स या बेल्जियन कुटुंबाची नर्सरी होती. मैदान झालं तेव्हा नर्सरीतली झाडं राखली गेली आणि प्रत्येक होलला एकेका झाडाचं किंवा झुडपाचं नाव मिळालं. सतराव्या होलवरचा एक पाइन राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या फटक्यांच्या आड यायचा. तो तोडावा अशी मागणी त्यांनी १९५६ मध्ये क्लबच्या सभेत केली, आणि क्लबच्या अध्यक्षांनी सभाच गुंडाळली. झाड आयझेनहॉवर यांच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं आणि २०१४ च्या फेब्रुवारीत बर्फाच्या वादळाने मोडेपर्यंत उभं राहिलं. याच्या अगदी उलट ओकमाँटचं उदाहरण आहे. पिट्सबर्गजवळचं हे १९०३ चं मैदान मुळात उघडं होतं. १९६० च्या दशकात सुशोभनाच्या हौसेपोटी तिथे हजारो झाडं लावली गेली. ती वाढल्यावर गवताला ऊन मिळेना, वारा खेळेना, मैदानाचा मूळ स्वभावच हरवला. शेवटी १९९० च्या दशकापासून ती हजारांनी काढावी लागली. मला या दोन्ही गोष्टी एकाच धड्याच्या वाटतात. लावण्याआधी जागा वाचली नाही तर पुढच्या पिढीला कुऱ्हाड हातात घ्यावी लागते.

यात आपल्या मातीशी थेट नातं सांगणारी एक गोष्ट आहे. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक गोल्फ मैदानांवर जे गवत असतं ते आपल्या हरळीचं किंवा तिच्या संकरित जातींचं असतं. गणपतीला वाहतो त्या दूर्वा याच. शेतकरी तिला शत्रू मानतो, कारण ती उपटून जात नाही. तीच हरळी लोणंदच्या प्रत्येक मैदानावर आपोआप येते, तुडवली तरी पुन्हा उठते, दुष्काळात पिवळी पडून पहिल्या पावसाला हिरवी होते. तिचा एकच मोठा दोष आहे. तिला सावली सोसत नाही. दाट झाडाखाली हरळी विरळ होते, माती उघडी पडते, उन्हाळ्यात धूळ उडते आणि पावसात चिखल होतो. म्हणून मैदानाच्या काठचं झाड कोणत्या दिशेला आहे हा हौसेचा प्रश्न राहत नाही, तो हिशेबाचा होतो.

हा हिशेब लोणंदच्या अक्षांशावर सोपा आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो. उरलेलं वर्ष तो दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणजे सावली उत्तरेला पडते. मैदानाच्या दक्षिण कडेला उंच, दाट झाडांची रांग लावली तर हिवाळाभर मैदानाचा मोठा पट्टा सावलीत जातो. तीच रांग उत्तर कडेला लावली तर तिची सावली मैदानाबाहेर पडते. पूर्व बाजू शक्यतो मोकळी ठेवावी, कारण सकाळच्या उन्हाने गवतावरचं दव लवकर वाळतं आणि रोग कमी येतो. पश्चिमेला झाडं हवीतच. दुपारी चार वाजता मुलं खेळायला येतात तेव्हा सावली पूर्वेकडे, मैदानावर लांबत असते. जागोजागी मी पाहतो ते याच्या नेमकं उलट आहे: रस्ता ज्या बाजूला असतो त्या बाजूला झाडं लावली जातात, कारण तिथून ती लोकांना दिसतात.

झाडं लावण्याची आपली परंपरा मोठी आहे आणि तिच्यात एकापेक्षा अधिक प्रवाह आहेत. सर्वांत जुना देवाधर्माचा. देवराई, पार बांधलेला वड किंवा पिंपळ, ग्रामदैवताजवळची चिंच. या प्रवाहाने झाड लावण्यापेक्षा न तोडण्याचं शास्त्र विकसित केलं. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया अभ्यासल्या तेव्हा या श्रद्धेमागचं निसर्गमूल्य शास्त्रज्ञांसमोर आलं. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात वडाचे म्हसवे नावाचं गाव आहे. तिथल्या वडाचा १८८२ मध्ये मोजलेला परीघ १५८७ फूट होता, म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर. एकेका पारंबीने जमीन व्यापत गेलेल्या त्या झाडापुढे आपल्या एक मीटरच्या ट्री गार्डचा विचार करून पाहावा.

दुसरा प्रवाह राज्यकर्त्यांचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या आज्ञापत्रात झाडांविषयी जे सांगितलं आहे ते आजही नगरपंचायतीच्या भिंतीवर लावावं इतकं स्वच्छ आहे. आरमारासाठी सागासारखं लाकूड लागेल ते परवानगीने घ्यावं. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती मुलांप्रमाणे वाढवलेली असतात. एखादं झाड अगदी जीर्ण झालं असेल तरच धन्याला राजी करून, मोबदला देऊन तोडावं. इंग्रजी अमलात बांधकाम खात्याने रस्त्यांच्या दुतर्फा वड लावले. जाड फांदी रोवून वड लवकर उभा राहतो, गुरं त्याला सहसा संपवू शकत नाहीत आणि चालणाऱ्याला भरपूर सावली मिळते, असा तो व्यवहारी विचार होता. फलटण, लोणंद, शिरवळ या रस्त्यांवरून पायी चालणाऱ्या पिढ्या त्या सावलीत वाढल्या.

तिसरा प्रवाह वनस्पतिशास्त्राचा. डॉ. अलेक्झांडर गिब्सन १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले, आणि १८६१ मध्ये त्यांनी डॅल्झेल यांच्यासह मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कूक यांनी १९०१ ते १९०८ या काळात इलाख्याची जी वनस्पतिसूची तयार केली, ती आजही अभ्यासकाच्या टेबलावर असते. मराठीत हे ज्ञान सामान्य वाचकापर्यंत आणण्याचं श्रेय प्रा. श्री. द. महाजन आणि डॉ. शरदिनी डहाणूकर यांच्यासारख्या लेखकांना आहे. दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ने तर एका पिढीला झाडांकडे महिन्यांच्या क्रमाने पाहायला शिकवलं. हे पुस्तक त्यांच्या ऋणात आहे.

चौथा प्रवाह वनीकरणाचा, आणि इथे मला थोडं परखड बोलायचं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांतून आणि १९८२ मध्ये सुरू झालेल्या सामाजिक वनीकरण विभागातून महाराष्ट्रात प्रचंड लागवड झाली. तिने लोकांना काम दिलं, सरपण दिलं, ओसाड जागा झाकल्या. उरुळीकांचनच्या ‘बायफ’ने चाऱ्यासाठी सुबाभूळ आणली, आणि दुभत्या जनावरांच्या गोठ्यात तिचा उपयोग झाला. पण मैदानाच्या काठी सुबाभूळ, निलगिरी आणि ग्लिरिसिडिया लावण्याचं जे खूळ त्यातून आलं त्याचं समर्थन होऊ शकत नाही. सुबाभळीच्या शेंगा फुटून बी सर्वत्र पसरतं आणि पाचेक वर्षांत कुंपणाची झाडी मैदानात शिरते. २०१६ मध्ये राज्याने १ जुलैला दोन कोटी झाडांचा कार्यक्रम केला. पुढे हा आकडा चार, तेरा आणि २०१९ मध्ये तेहेतीस कोटींवर गेला. या मोहिमांतून हजारो शाळांना रोपं मिळाली, ही चांगली गोष्ट आहे. मात्र खड्डे मोजणारी पद्धत झाड मोजत नाही. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर उभं असलेलं रोप हाच मोजण्याजोगा आकडा आहे.

अलीकडे सयाजी शिंदे यांच्या ‘सह्याद्री देवराई’सारख्या उपक्रमांनी देशी झाडांचा आग्रह गावागावांत नेला. २०२० मध्ये बीडजवळ पालवणला वृक्षसंमेलन भरलं तेव्हा झाड हा सार्वजनिक उत्सवाचा विषय झाला. मियावाकी पद्धतीची घनवनंही आता तालुक्यांच्या गावी दिसतात. चौरस मीटरला तीन ते पाच रोपं लावून थोड्या जागेत जंगल उभं करण्याची ही रीत शहरातल्या रिकाम्या कोपऱ्याला ठीक आहे. मैदानाच्या कडेला ती चालत नाही. झाडं उंच, काटकुळी वाढतात, एकमेकांच्या आधाराने उभी राहतात आणि वळवाच्या वाऱ्यात कडेची आडवी होतात. मैदानाच्या कडेचं झाड पहिल्यापासून एकट्याने वाऱ्याला तोंड देत वाढलेलं असावं लागतं.

लोणंदचा पाऊस साधारण पाचशे मिलिमीटर. याच जिल्ह्यातल्या महाबळेश्वरात तो साडेपाच हजारांच्या वर जातो. एका जिल्ह्यात दहापट फरक असताना एकच रोपयादी सगळ्या तालुक्यांना पाठवली जाते, हे थांबायला हवं. वीर धरण, नीरेचे कालवे आणि विहिरींमुळे इथे ऊस आला, तरी मैदानाच्या झाडाच्या वाट्याला पाटाचं पाणी येत नाही. त्याला पावसावरच जगायचं असतं, आणि इथला भरवशाचा पाऊस जूनपेक्षा सप्टेंबरच्या आसपास पडतो. म्हणून या पट्ट्याची झाडं वेगळी आहेत: लिंब, बाभूळ, हिवर, बोर, चिंच, करंज, शिरीष, आपटा, पळस, भोकर, उंबर, वड, पिंपळ, नांद्रुक.

यातली बाभूळ मला फार मोलाची वाटते. तिची रामकाठी ही जात मध्यम पट्टीच्या काळ्या जमिनीत बांधावर उभी दिसते, फांद्या खोडालगत वर चढलेल्या, घेर अगदी अरुंद. सावली कमी पडते म्हणून शेतकरी ती पिकाच्या कडेला ठेवतो, आणि नेमक्या याच गुणामुळे शेताला लागून असलेल्या मैदानाच्या हद्दीवर ती शोभते. तिच्या शेंगा मेंढ्या आवडीने खातात. टणक सालीचं बी मेंढीच्या पोटातून जाऊन बाहेर पडलं की लवकर रुजतं, म्हणून जाणते लोक वाड्यातल्या लेंड्यांमधलं बी गोळा करतात. हिवराची साल फिकट, पांढरट असते आणि तो पावसाळ्यात मलईच्या रंगाच्या फुलांनी भरतो. दोन्ही झाडं काटेरी आहेत. वारकरी अनवाणी चालतात, मुलं अनवाणी खेळतात, तेव्हा ती वावराच्या बाजूच्या बाहेरच्या कुंपणालाच असावीत. रोज बसण्याच्या जागेजवळ नकोत.

ओळखण्यात होणाऱ्या चुकांची किंमत मोठी असते. लिंब आणि बकाण यांत रोपवाटिकेतही गोंधळ होतो. लिंबाचं पान एकदाच विभागलेलं, पर्णिका कोयत्यासारख्या वाकड्या आणि कडा दातेरी. बकाणाचं पान दोन-तीन वेळा विभागलेलं आणि फुलं फिकट जांभळी. बकाण भरभर वाढतो, पण त्याचं लाकूड ठिसूळ असतं आणि आयुष्य लिंबाच्या जवळपासही नसतं. दसऱ्याला आपट्याच्या नावाने कांचनाची पानं सर्रास विकली जातात. आपट्याचं पान लहान, जाड आणि खरखरीत, फुलं बारीक आणि फिकट. कांचनाचं पान मोठं, फूल जांभळं किंवा गुलाबी. वड आणि नांद्रुक यांचा फरक पानाच्या आकारात आणि चकाकीत आहे: वडाचं पान मोठं आणि जाड, नांद्रुकाचं लहान आणि चकचकीत. शमी म्हणून वेडी बाभूळ लावलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे, आणि ती एकदा रुजली की काढणं फार जड जातं. म्हणून या पुस्तकात ओळख फुलावर अवलंबून ठेवलेली नाही. पान, साल, फांदीचा कोन आणि उन्हाळ्यातला पर्णहीन सांगाडा, असं वर्षभर कधीही वापरता येईल त्या क्रमाने ती दिली आहे.

गुलमोहोराविषयी विचारणारे बरेच भेटतात. तो मादागास्करचा. साताऱ्यात दर १ मे रोजी गुलमोहोर दिन साजरा होतो आणि उन्हाळ्याच्या ऐन भरात त्याचा रंग मन भरून टाकतो. त्याला हद्दपार करा असं मी म्हणणार नाही. पण त्याची मुळं उथळ आणि फांद्या मोडक्या, आणि लोणंदला मे महिन्यात वळवाचे वारे सुटतात. प्रेक्षक बसतात किंवा दिंड्या उतरतात त्या ठिकाणी तो नसावा. रस्त्याच्या वळणावर, माणसं थांबत नाहीत अशा जागी तो खुशाल फुलू द्यावा.

लागवडीची सगळी कृती पुढे तपशिलाने येईल. इथे फक्त तिच्यामागचा विचार सांगतो. खड्डा उन्हाळ्यात खणावा, म्हणजे कडक उन्हाने माती तापून कीड मरते आणि मुरूम सैल होतो. जूनच्या पहिल्या सरीला रोप लावण्याची घाई दुष्काळी पट्ट्यात महागात पडते. सर येते, मग वीस-पंचवीस दिवस कोरडे जातात आणि रोप वाळतं. माती फूटभर ओली झाल्यावरच लावावं. लिंबाचं बी दोन-तीन आठवड्यांत निकामी होतं, तेव्हा ते पडल्याबरोबर पेरलं पाहिजे. पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेल्या रोपाची मुळं तळाशी गोल फिरलेली असतात. ती न सोडवता लावलं तर झाड आठ-दहा वर्षं नीट दिसतं आणि मग पहिल्या मोठ्या वादळात बुडासकट उपटून येतं. उसाच्या पाचटाचं आच्छादन, खोडापासून हात-दीड हात लांब घातलेलं पाणी, शेळ्यांपासून काटेरी कुंपण, आणि किमान तीन उन्हाळे राखण, एवढ्यावर झाड जगतं.

मोठ्या झाडाला मारणाऱ्या गोष्टी सहसा कुऱ्हाडीइतक्या ठळक नसतात. अन्न-पाणी शोषणारी मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात. पालखी लोणंदला येते ती साधारण जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैच्या पूर्वार्धात, म्हणजे जमीन ओली होऊ लागलेली असताना. ओली जमीन तुडवली की सर्वांत जास्त घट्ट होते. तिच्यातली हवा संपते, पाणी मुरत नाही आणि मूळ गुदमरतं. माणसांच्या पायांपेक्षा पाण्याचे टँकर आणि सामानाचे ट्रक झाडाला जास्त घातक आहेत. गोल्फच्या मैदानावर छोट्या गाड्यांच्या वाटा म्हणूनच झाडापासून दूर आखतात. आपल्या तळावर प्रत्येक मोठ्या झाडाभोवती दहा फुटांचं दगडी कडं घालून आत पाचट पसरलं आणि गाड्यांची वाट त्याबाहेर आखली, तर खर्च नगण्य आहे आणि झाड दीर्घकाळ टिकतं. खोडाशेजारी पेटवलेल्या चुली, तंबूचे दोर, फ्लेक्ससाठी ठोकलेले खिळे आणि बुंध्यापर्यंत आलेलं काँक्रीट या चारही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत. वारकरी झाडाचा मान राखणारी माणसं आहेत. दिंडीप्रमुखांना सांगितलं तर ती ऐकतात.

इथेच विजेविषयी एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. मोकळ्या मैदानातलं एकटं झाड हे वळवाच्या गडगडाटात सर्वांत धोक्याचं ठिकाण असतं. मोठ्या गोल्फ मैदानांवर वादळ जवळ आलं की भोंगा वाजतो आणि खेळ थांबतो. आपल्याकडे गुराखी, मेंढपाळ आणि खेळणारी मुलं नेमकी त्याच झाडाखाली धावतात. झाडाची माहिती शिकवताना ही माहिती मुलांना आधी द्यावी.

आता हे पुस्तक का, याचं उत्तर रस्त्यावर आहे. आळंदी ते पंढरपूर पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन नोव्हेंबर २०२१ मध्ये झालं. रस्ता रुंद झाला, अपघात कमी व्हावेत ही अपेक्षा रास्त आहे, वारकऱ्यांना चालायला स्वतंत्र वाटही मिळणार आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या उभे असलेले वड त्यात गेले, आणि पुढची कित्येक वर्षं वारी उन्हातून चालेल. शेजारच्या सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यातल्या भोसे गावी एका जुन्या वडासाठी २०२० मध्ये लोक उभे राहिले आणि महामार्गाची आखणी बदलली गेली. आग्रह धरला की आराखडा बदलतो, याचा तो पुरावा आहे. कायदाही आता थोडा मदतीला आहे. राज्याच्या नागरी क्षेत्रांसाठीचा झाडं जपण्याचा कायदा १९७५ चा. त्यात २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावण्याची अट आली. वयाचा पुरावा हवा तर झाडांची नोंद हवी, आणि नोंद करायला झाड ओळखता आलं पाहिजे. लोणंद नगरपंचायतीच्या हद्दीतल्या प्रत्येक मोठ्या झाडाची नोंद शाळांमधली मुलं एका वर्षात करू शकतील, इतकं हे काम सोपं आहे.

एक मर्यादा मी जाणूनबुजून पाळली आहे. या पुस्तकात माळावर झाडं लावायला सांगितलेलं नाही. लोणंद, फलटण, बारामती या भागातले गवताळ माळ हे उजाड झालेलं जंगल नव्हे. ते स्वतःच एक जिवंत रान आहेत. बारामती तालुक्यातल्या सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यासाठी राखलेलं आहे, आणि चिंकाऱ्याला गवत आणि विखुरलेली बाभूळ-हिवर लागतात, दाट झाडी लागत नाही. मेंढपाळांची चराई याच गवतावर चालते. माणसांनी वापरासाठी मोकळ्या केलेल्या जमिनीचा काठ, एवढंच या पुस्तकाचं क्षेत्र आहे. काही वाचकांना हे फार तोकडं वाटेल. मला ते पुरेसं वाटतं, कारण प्रत्येक गावात अशी किमान एक तरी जागा आहे आणि तिचं भलं करणं गावाच्या हातात आहे.

पुस्तकाचा वापर कसा करावा हे सांगून थांबतो. ते कपाटात ठेवण्यासाठी लिहिलेलं नाही, मैदानावर घेऊन जाण्यासाठी आहे. आधी आपल्या मैदानाचा साधा नकाशा काढा, दिशा लिहा आणि आज जी झाडं उभी आहेत ती ओळखा. त्यानंतर पुढच्या एप्रिलमध्ये खड्डे खणा. रोपं वाटणाऱ्या पाहुण्यांची वाट पाहू नका, आणि लावणाऱ्याचं नाव पाटीवर लिहिण्याऐवजी तीन उन्हाळे पाणी घालणाऱ्याचं नाव लिहा. दहा झाडं जगवता येणार असतील तर दहाच लावा.